पोरक्यांची माऊली

भुसावळहून पूर्वेकडे निघाले की तासाभरात मुक्ताईनगर येते. जुन्या कागदपत्रांत आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात या गावाचे नाव एदलाबाद असे आहे. जवळच तापी आणि पूर्णा यांचा संगम आहे. त्या काठावरच्या चांगदेव गावात यादवकाळची आठवण सांगणारे जुने दगडी देवालय उभे आहे, आणि कोथळी व मेहूण या दोन्ही ठिकाणी मुक्ताईची देवळे आहेत. खानदेशातील आमच्या वाचकांपैकी अनेकांनी या वाटेने कितीतरी वेळा प्रवास केला असेल. महाशिवरात्रीच्या सुमारास एस. टी.च्या गाड्या यात्रेकरूंनी ओसंडून वाहत असल्याचेही त्यांनी पाहिले असेल. परंतु ज्या मुलीच्या नावाने हे गाव ओळखले जाते ती येथे आली तेव्हा तिचे आईवडील केव्हाच गेलेले होते, तिच्या दोन भावांनी नुकतीच समाधी घेतली होती, आणि मागे उरलेल्या एकुलत्या एका थोरल्या भावाबरोबर ती वाट चालत होती, हे ध्यानात घेऊन त्या देवळाकडे पाहणारे आमच्यात किती असतील?

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या चार भावंडांविषयी मराठीत जेवढे लिहिले गेले तेवढे क्वचितच दुसऱ्या कुटुंबाविषयी लिहिले गेले असेल. त्यातील तत्त्वज्ञानाविषयी, योगाविषयी आणि भाषेविषयी अधिकारी विद्वानांनी पुष्कळ सांगितले आहे, आणि त्या प्रांतात शिरण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आम्हांला या साहित्याकडे एका साध्या प्रश्नाच्या रोखाने पाहावयाचे आहे. आईबाप नसलेली ही चार मुले एकत्र राहिली ती कोणाच्या आधारावर? त्यांचा पालक कोण होता?

हा प्रश्न आमच्या मनात कसा आला ते सांगितले पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका धर्मग्रामात एका घरातील आईबाप वर्षभराच्या अंतराने वारले. मागे तीन मुले राहिली. नातेवाईक जमले, धर्मग्रामातील चार जाणती मंडळी बसली, आणि दोन तासांत सर्व ठरले. थोरला मुलगा मुलग्यांच्या बोर्डिंगात, मधली मुलगी सिस्टरांच्या वसतिगृहात आणि धाकटा मावशीकडे. प्रत्येकाच्या अन्नवस्त्राची, शिक्षणाची सोय झाली. कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता. त्या बैठकीत आम्हीही होतो आणि आम्हीही मान डोलावली. मधली मुलगी दाराशी उभी होती. तिला कोणी काही विचारले नाही. पुढे अनेक वर्षांनी, ताटीचे अभंग पुन्हा एकदा वाचत असताना, ती दाराशी उभी असलेली मुलगी आमच्या डोळ्यांपुढे आली, आणि तेव्हापासून ही चार भावंडे आम्हांला निराळी दिसू लागली.

कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. आपेगावच्या विठ्ठलपंतांनी विवाहानंतर काशीला जाऊन संन्यास घेतला. पत्नी मागे आहे हे कळताच गुरूंनी त्यांना परत पाठविले. संन्यासी पुन्हा गृहस्थ झाला, हे समाजाने सोसले नाही. आळंदीत वाळीत पडलेल्या त्या घरात चार मुले जन्मली. मुलांचा तरी स्वीकार व्हावा म्हणून आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त पत्करले, असे परंपरा सांगते. मुले पोरकी झाली, तरी 'संन्याशाची पोरे' हे नाव काही सुटले नाही. मुलांच्या जन्मशकांविषयी दोन मते आहेत. परंतु कोणतेही मत घेतले तरी ज्ञानेश्वरी पूर्ण झाली त्या शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, थोरला निवृत्ती फार तर विशी ओलांडलेला आणि मुक्ता अकरा ते तेरा वर्षांची होती. पोरकेपण तर त्याच्याही पूर्वीचे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या मुलांना आजोळ होते. रुक्मिणीबाईंचे वडील सिद्धोपंत हे आळंदीचेच. आपेगाव-पैठणकडे वडिलांच्या बाजूचे नातेसंबंध होते. शास्त्र जाणणारी, निर्णय देणारी पैठणची विद्वत्सभा होती. पालक म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवावे असे हे सगळे. परंतु आईबाप गेल्यानंतरच्या कथेत आजोळ जवळजवळ दिसतच नाही. सभा दिसते ती शुद्धिपत्र मागणाऱ्या मुलांपुढे बसलेली. त्या सभेने मुलांना ब्रह्मचर्याने राहून हरिभजन करण्यास सांगितले, अशी परंपरा आहे. या निवाड्याचा धार्मिक अर्थ काहीही असो, त्याचा संसारी अर्थ आम्हांला भयंकर वाटतो. या चौघांना पुढे स्वतःचे घर कधीच होणार नव्हते. एकमेकांपलीकडे त्यांना जन्मभर दुसरे कुटुंब मिळणार नव्हते.

मग घराचा कर्ता झाला तो एक कोवळा मुलगा. निवृत्तीला गहिनीनाथांचा उपदेश मिळाला आणि त्याने तो ज्ञानदेवांना दिला. येथून पुढे सगळे वाङ्मय 'निवृत्ती हे ज्ञानदेवांचे गुरू' एवढेच म्हणते, आणि आपणही ते वाक्य इतक्या सवयीने वाचतो की गुरू आणि शिष्य यांच्यात दोन-तीन वर्षांचेच अंतर होते हे विसरून जातो. दोन-तीन वर्षांनी मोठा भाऊ गुरू होतो तेव्हा त्या गुरुपणात पालकपणाचा किती अंश असतो?

याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही वाचकांना ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायाचा प्रारंभ काढून पाहण्याची विनंती करतो. भक्तियोगाचा हा लहानसा अध्याय. त्याच्या आरंभी ज्ञानदेव गुरूच्या कृपादृष्टीला हाक मारतात, आणि ती हाक आईला मारलेली आहे. ही आई बाळाला मांडीवर घेते, हृदयाच्या आकाशात पाळणा बांधून झोके देते, अंगाई गाते, दूध पाजते, खेळणी देते, दागिने घालते. यातील प्रत्येक वस्तूला योगशास्त्रातील एकेक अर्थ आहे आणि टीकाकारांनी तो समजावून दिला आहे. ते सर्व मान्य करून आम्ही एवढेच म्हणतो की रूपक निवडण्याचे स्वातंत्र्य कवीला होते. गुरूला सूर्य म्हणता आले असते, मेघ म्हणता आले असते, राजा म्हणता आले असते. इतरत्र त्यांनी तशी रूपके योजलीही आहेत. परंतु येथे या पोरक्या कवीने पाळणा, अंगाई आणि स्तन्य निवडले. हे लिहिणाऱ्याच्या बालपणातून आई अकाली निघून गेली होती, आणि ज्याच्या कृपेविषयी तो लिहीत होता तो त्याचा सख्खा थोरला भाऊ होता, एवढे ठाऊक असताना हा भाग केवळ योगाची परिभाषा म्हणून वाचणे आम्हांला तरी शक्य होत नाही. भावाच्या ठिकाणी आई सापडल्याची ही नोंद आहे. कोणी म्हणेल, ग्रंथात चरित्र शोधू नये. नियम म्हणून ते ठीक आहे. परंतु नियमाला ज्ञानेश्वरीनेच येथे अपवाद केला आहे, असे आमचे मत आहे.

निवृत्ती बाहेरचा पालक झाला. घराच्या आतला पालक कोण? येथे परंपरेने आपल्याला जे दिले आहे ते मोठे विलक्षण आहे. घर सांभाळणारी म्हणून तिने चौघांतील सर्वांत धाकटी मुलगी पुढे केली आहे.

मांड्यांची कथा घ्या. निवृत्तीला मांडे खाण्याची इच्छा झाली. मुक्ता कुंभाराकडे खापर आणावयास गेली. विसोबा चाटी या सावकाराने कुंभारांना दटावून ठेवलेले, त्यामुळे तिला खापर मिळाले नाही. ती रडत परतली. तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने आपली पाठ तापविली आणि मुक्ताने तिच्यावर मांडे भाजले. ही कथा सांगताना सर्वांचे लक्ष तापलेल्या पाठीकडे जाते. खानदेशातील माताभगिनींचे लक्ष मात्र खापराकडे जाईल असे आम्हांला वाटते, कारण मांडा म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागत नाही. उपड्या खापरावरच तो भाजावयाचा, दोन्ही हातांवर झेलत वाढवावयाचा, आणि पुरणाला घेऊन तो इतका पातळ व्हावा की आरपार दिसावे. तो तव्यावर जमत नाही. म्हणजे कुंभाराने खापर नाकारले की सणाचा तो पदार्थ त्या घरापुरता संपला. बहिष्कार हा धर्मसभेत जाहीर होत असेल, पण तो अंमलात येतो चुलीपाशी, आणि त्याचा पहिला घाव बसतो तो भांडे मागावयास गेलेल्या मुलीवर. थोरल्या भावाला काहीतरी गोड खावेसे वाटले आणि दहा-अकरा वर्षांची बहीण ते करून घालावयास निघाली, एवढाच या कथेचा गाभा आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथा उभी राहते. बहिणीचा प्रयत्न बाजूला ठेवला तर मात्र काहीच उरत नाही. पुढे त्याच विसोबांचे मन पालटले, ते विसोबा खेचर झाले आणि नामदेवांना त्यांनी गुरूपदेश केला. ज्याने खापर अडविले तोच या घराच्या पंगतीतला झाला, हाही भाग परंपरेने आवर्जून जपला आहे.

आणि मग ताटीचे अभंग. ताटी म्हणजे झोपडीचे काटक्यांचे दार. बाहेर कोणीतरी अपमान केला म्हणून ज्ञानदेव आत जाऊन दार लावून बसले आणि मुक्ता बाहेर उभी राहून त्यांची समजूत घालू लागली, असा या अभंगांचा प्रसंग सांगतात. त्यांची संख्या प्रतीप्रतीत बदलते, आणि ते सगळे खुद्द मुक्ताईचेच आहेत काय याविषयी अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. संहितेच्या बाबतीत कडक असावे, हे खानदेशाने महाराष्ट्राला शिकविले आहे. ज्यांनी जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी १९०९ साली छापून काढली त्या इतिहासाचार्य राजवाड्यांचे धुळ्याशी जवळचे नाते होते, तेथेच १९२६ साली त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तेथे आहे. तेव्हा शंकेचा आदर करून आम्ही इतकेच म्हणू की ज्याने कोणी हे अभंग रचले असतील त्याला हे घर आतून ठाऊक होते.

या अभंगांचे सामर्थ्य बहुतेक टीकाकार त्यातील उपदेशात पाहतात. संत कोणाला म्हणावे, क्षमा कशी असावी, लोक आगीसारखे झाले तर आपण काय व्हावे, असा तो उपदेश आहे आणि तो थोर आहे यात वाद नाही. आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटते ती बोलण्याची रीत. बोलणारी मुलगी तत्त्वज्ञान सांगता सांगता मध्येच घरातले दृष्टान्त देते. आपलाच हात आपल्याला लागला तर कोणावर रागवावे? आपलीच जीभ दाताखाली सापडली म्हणून दात पाडून टाकीत नाहीत. हे शास्त्रीबुवांचे बोलणे नाही. रुसलेल्या मुलाला हसविण्यासाठी आई जसे काहीतरी बोलते तसे ते आहे. त्यात थोडी चेष्टा आहे, थोडे रागे भरणे आहे आणि खूप अजीजी आहे. भावाला ती कधी योगी म्हणते, कधी थोर म्हणते, पण वागविते लेकरासारखे. आणि प्रत्येक वेळी ती त्याच मागणीवर येते. दार उघड.

ती एवढी अजीजी का करते? या प्रश्नापाशी आम्ही पुष्कळ थांबलो. ज्ञानदेवांनी लोकांवर रागावू नये, जगाचा उद्धार करावा, म्हणून ती विनविते असे सांगितले जाते. असेलही. परंतु दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलीच्या बाजूने पाहिले तर त्या बंद दाराला आणखी एक अर्थ आहे. तिच्या वडिलांनी एकदा असेच घराला पाठ केली होती. पुढे आई आणि वडील दोघेही उठून गेले आणि परतले नाहीत. या घरातले माणूस दुखावले की निघून जाते, हे तिने लहानपणीच पाहिले होते. आता भाऊ आत जाऊन बसला आहे. चौघांतील एकाने दार लावून घेतले तर चौघांचे घर राहत नाही, हे तिला कळले होते. एकत्र राहण्यासाठी कोणाला तरी दाराशी उभे राहून बोलत राहावे लागते, आणि ते काम त्या घरात जिला सर्वांनी सांभाळावयाचे तिने पत्करले. परंपरा म्हणते, दार उघडले.

चांगदेवांच्या कथेतही आम्हांला हाच धागा दिसतो. चौदाशे वर्षे जगलेल्या या योग्याने ज्ञानदेवांना पत्र लिहावयास घेतले आणि मायना काय लिहावा येथेच तो अडला. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावेत, तर ज्ञानाने थोर. थोर म्हणून नमस्कार लिहावा, तर वयाने पोर. अखेर कोरा कागद पाठविला. इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताई म्हणाली, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. उत्तरादाखल ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, ती 'चांगदेव पासष्टी'. ज्या प्रश्नावर तो महायोगी अडला तो या घराने रोजच्या व्यवहारात केव्हाच सोडविला होता. येथे धाकटा भाऊ थोरल्यात आई पाहत होता आणि धाकटी बहीण थोरल्याची आई होत होती. कोणाला कोणता मायना लिहावा हे वयावरून ठरविण्याची सोय या मुलांना उरलीच नव्हती. त्या वृद्ध योग्याने शेवटी या मुलीलाच गुरू केले.

मराठी भाषेने या साऱ्याची नोंद आपल्या पद्धतीने केली आहे. लाखो वारकरी ज्ञानदेवांना 'माऊली' म्हणतात. मुक्ता ही 'मुक्ताई' झाली, म्हणजे तिच्या नावात आई आली. आई नसलेल्या घरातील दोन मुलांना साऱ्या महाराष्ट्राने आई म्हणावे, याहून मोठा अभिप्राय कोणता टीकाकार देणार!

असे असता पुढच्या काळातील चरित्रकारांनी या घराचे काय केले, हे पाहिले म्हणजे खेद होतो. महिपतींनी १७६२ साली 'भक्तविजय' पूर्ण केला. त्यांची ओवी गोड आहे, सांगण्याची हातोटी निर्विवाद आहे, आणि संतचरित्रे खेड्यापाड्यांतील घराघरांत पोहोचली ती त्यांच्यामुळे. परंतु त्यांच्यापासून पुढे ही चार मुले जन्मतःच देवांचे अवतार म्हणून वावरतात. अवताराला भूक लागत नाही, भीती वाटत नाही आणि पालक लागत नाही. १९४० साली प्रभात कंपनीने दामले आणि फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली 'संत ज्ञानेश्वर' हा चित्रपट काढला. त्यात ज्ञानेश्वरांची भूमिका करणारे शाहू मोडक हे अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबातील, याचा आमच्या समाजाला योग्य अभिमान आहे. चित्रपट सुंदर आहे, आणि त्यातील चालणारी भिंत पाहून त्या काळचे प्रेक्षक थक्क झाले. पण आमच्या पिढीच्या मनात या कुटुंबाचे जे चित्र कायम झाले ते त्या भिंतीचे झाले. चौघे भिंतीवर बसले आहेत आणि भिंत चालते आहे. भिंतीच्या आत चूल होती, तिच्यापाशी कोणीतरी राबत होते, हे चित्रातून निसटले. शाळेच्या पुस्तकांनी तर रेडा आणि भिंत यांपलीकडे फारसे ठेवले नाही.

श्रद्धेच्या गोष्टींवर आमचा आक्षेप नाही. ज्यांना चमत्कार मानावयाचे त्यांनी ते अवश्य मानावेत. आम्हां ख्रिस्ती वाचकांना चमत्काराची कथा अपरिचित थोडीच आहे? आक्षेप आहे तो साहित्यदृष्ट्या. मूळ अभंगांत जे माणूसपण आहे ते नंतरच्या कथनांत विरळ होत गेले. एखाद्या पोरक्या मुलाच्या हाती ही कथा पडली तर अवतारांची कथा त्याला दिपवील, पण धीर देणार नाही. रडत घरी परतलेली मुक्ता त्याला धीर देईल.

आमच्या वाचकांना येथे बेथानीच्या घराची आठवण झाली असेल. मार्था, मरिया आणि लाजर या भावंडांच्या त्या घरात आईबापांचा उल्लेख शुभवर्तमानात कोठेही नाही. आहेत ती तीन भावंडे. एक स्वयंपाकात गुंतलेली, दुसरी पायांशी बसून ऐकणारी, आणि भाऊ आजारी पडतो तेव्हा निरोप धाडतात त्या दोघी बहिणी. प्रभू येशू त्या घरी पाहुणा म्हणून येत असे. ते घर अपुरे आहे असे त्याने कधी म्हटल्याचे आम्ही वाचलेले नाही.

अगदी अलीकडच्या काळातील एक उदाहरण आमच्या मुद्द्याला फार जवळचे आहे. ऑस्ट्रियातील हेर्मान ग्माइनर हा शेतकऱ्याचा मुलगा. तो लहान असतानाच आई वारली आणि घरातील धाकट्यांना त्याच्या थोरल्या बहिणीने, एल्साने, वाढविले. दुसऱ्या महायुद्धानंतर रस्त्यावर आलेली मुले पाहून त्याने १९४९ साली इम्स्ट या गावी पहिले एस. ओ. एस. बालग्राम उभारण्यास आरंभ केला. त्याची कल्पना तेव्हाच्या अनाथाश्रमांपेक्षा वेगळी होती. प्रत्येक घरात एक आई, तिच्याभोवती वेगवेगळ्या वयांची मुले, आणि एका रक्ताची भावंडे असतील तर ती एकाच घरात. पुढे ही बालग्रामे जगभर पसरली, भारतातही आली. २००९ साली संयुक्त राष्ट्रसंघाने पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. ज्यांचे नाते जुळलेले आहे अशा भावंडांना, काही धोका नसेल तर, एकमेकांपासून तोडू नये, असे त्यांतही म्हटले आहे. एका बहिणीने घर कसे राखले हे ज्याने लहानपणी पाहिले होते त्यालाच ही गोष्ट आधी सुचावी, यात आम्हांला आश्चर्य वाटत नाही.

आता शेवटच्या भागाकडे वळतो, आणि आमच्या मते या सर्व साहित्यातील तो सर्वांत खरा भाग आहे. शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस, म्हणजे १२९६ साली, ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. त्या प्रसंगाचे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत. त्यांत ज्ञानदेव शांत आहेत. कोसळतो तो निवृत्ती. ज्याने ब्रह्मज्ञान दिले, ज्याला सारे गुरू म्हणतात, तो शिष्याच्या समाधीपाशी सामान्य माणसासारखा शोक करतो. बांधलेल्या तळ्याचा बांध फुटावा आणि पाणी वाट फुटेल तिकडे धावावे, बांधलेल्या पेंढीचा बंद सुटावा आणि गवत रानोमाळ पांगावे, अशा उपमा तेथे येतात. आणि मग एक गोष्ट अशी येते की वाचताना हात थांबतो. आईबाप सोडून गेले तेव्हाही असे संकट वाटले नव्हते, असे निवृत्ती म्हणतो.

या वाक्याने गुरुशिष्यांची सगळी चौकट गळून पडते. इतकी वर्षे त्याने आईबापांच्या जाण्याविषयी काही म्हटल्याचे आपण ऐकलेले नसते. थोरल्याला तशी सोय नसते. मागच्या तिघांकडे पाहून त्याने ते दुःख गिळले होते, आणि आज धाकटा गेला तेव्हा दोन्ही दुःखे एकदम बाहेर आली. पेंढीची उपमाही किती नेमकी आहे! काडीला काडी बांधलेली असते तोवर ती पेंढी. बंद कोणता होता हे तो सुटल्यावर कळते. नामदेवांनी, किंवा ज्या कोणी हे अभंग रचले त्याने, समाधीचा सोहळा वर्णन करता करता एका पालकाचे मन उघडे केले आहे. या अभंगांना भक्तिरसाचा उत्कर्ष म्हणण्याची पद्धत आहे. आम्ही त्यांना मराठीतील पहिला मोठा कौटुंबिक शोक म्हणू.

उपमा खरी ठरली. महिन्याभरात सोपानदेवांनी सासवडला समाधी घेतली. मुक्ताई आणि निवृत्ती उत्तरेकडे आले. शके १२१९ च्या वैशाख वद्य दशमीस, १२९७ साली, तापीच्या काठी वादळ सुटले, वीज कडाडली आणि मुक्ताई त्यात दिसेनाशी झाली, असे सांगतात. एकटा उरलेला निवृत्ती त्र्यंबकेश्वरास गेला आणि तेथेच त्याने देह ठेवला. जी चौघे जिवंतपणी एका झोपडीत राहिली त्यांच्या समाध्या चार गावी आहेत. त्यातील सर्वांत दूरची, आळंदीहून निघाले तर अनेक दिवसांच्या वाटेवरची, घर राखणाऱ्या मुलीची आहे, आणि ती आमच्या खानदेशाच्या वाट्याला आली आहे.

ज्येष्ठ महिना लागण्याच्या सुमारास मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. तिची वाट लांबची, म्हणून इतर अनेक पालख्यांच्या आधी तिला निघावे लागते. तापीकाठचे ऊन त्या वेळी कसे असते ते खानदेशातील वाचकांना सांगावयास नको. विदर्भाची कड आणि मराठवाडा ओलांडीत ती महिनाभर चालते. तिकडे त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी निघालेली असते, आळंदीहून ज्ञानदेवांची आणि सासवडहून सोपानदेवांची. आषाढी एकादशीच्या आदल्या एक-दोन दिवसांत पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला चारही पालख्या येऊन पोहोचतात, आणि मुक्ताईनगरचे वारकरी आपल्या पालखीपुढे उभे राहून विचारतात, भाऊ आले का?